पहिली ठासणीची बंदूक घेताय? आधी नळीतला पीळ बघा, मग किंमत

नमस्कार मंडळी! ऑगस्ट लागला की आपल्या कमेंटमध्ये एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, हरणाच्या शिकारीला पहिली मझललोडर, म्हणजे ठासणीची बंदूक, कोणती घेऊ? बजेट चारशे डॉलर." खाली लगेच दहा जणांचं उत्तर, "सीव्हीए वुल्फ घे, डोळे झाकून." वुल्फ वाईट नाही, तिच्याकडे येतोच. पण डोळे झाकून घ्यायची ही वस्तू नव्हे.

आधी दोन-तीन गोष्टी पटापट उरकतो. हा व्हिडिओ अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. कोकणातून एक काका दर वेळी विचारतात, "आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची आहे, तिला ही मापं चालतील का?" काका, नाही चालणार. ती नळी वेगळी, तिचं पोलाद वेगळं. आणि चितळ-सांबराची शिकार तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे विषयच संपला. "हरणं मारता, लाज नाही वाटत?" असं लिहिणाऱ्यांना एवढंच सांगतो, की इथे व्हाइटटेल हरणाचे टॅग (शिकारीचे परवाने) राज्याचं वन्यजीव खातं ठरवून देतं. ज्यांना पटत नाही त्यांनी हा व्हिडिओ सोडून द्यावा, माझा राग नाही.

आता एच-वन-बी वाल्यांचा प्रश्न. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला फेडरल कायद्यात बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन असेल तर अपवाद आहे. बहुतेक मझललोडर १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टप्रमाणे 'अँटिक' धरल्या जातात, म्हणून त्या पार्सलने घरीही येतात. मात्र थॉम्पसन सेंटर एन्कोरसारखी, जिच्या सांगाड्यावर काडतुसाची नळी बसते, ती पूर्ण बंदूक धरली जाते. शिवाय राज्याचा कायदा वेगळा असतो. न्यू जर्सीत मझललोडरलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. एडिसनवाल्यांनी हे लक्षात ठेवा. आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन, मग खरेदी. मी वकील नाही, शंका असेल तर वकिलाला विचारा.

मूळ रचना सगळ्यांना माहीतच आहे. तोंडातून दारू, तिच्यावर गोळी, गजाने ठासायची, मागून ठिणगी. ठिणगी तीन प्रकारची: गारगोटीची म्हणजे फ्लिंटलॉक, केपाची (ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) म्हणजे पर्कशन, आणि इनलाइनमध्ये, म्हणजे ठिणगी नळीच्या सरळ मागून येते अशा आधुनिक बंदुकीत, शॉटगनच्या काडतुसाचा २०९ प्रायमर. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, .५० इंच घ्या. सामान सगळीकडे मिळतं, त्यावर वाद नको. पुढे चला.

[नळीचं तोंड जवळून]

आता खरा मुद्दा, पीळ. नळीत आतून जे वळणदार आटे असतात, ते किती इंचांत एक पूर्ण वळसा घेतात, तो आकडा. १:२८ म्हणजे २८ इंचांत एक वळसा, हा जलद पीळ. १:६६ म्हणजे ६६ इंचांत एक, हा मंद. १:४८ मधला. लांब गोळीला, म्हणजे सॅबोमधली (प्लॅस्टिकच्या खोळीतली) बुलेट किंवा लांब कॉनिकल (नळीच्या पूर्ण मापाची लांबट गोळी), हिला जलद पीळ लागतो, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. कापडात गुंडाळलेल्या शिशाच्या गोल गोळीला मंद पीळ आवडतो. जलद पिळात जास्त दारूने ती मारली, तर ती आटे धरतच नाही, वरून घसरत जाते. १:४८ मध्ये गोल गोळी आणि आखूड कॉनिकल दोन्ही बऱ्यापैकी चालतात, लांब सॅबो मात्र नाही. आणि गोळी कुठली वापरायची हे तुम्ही नाही ठरवत, तुमचं राज्य ठरवतं. म्हणून क्रम असा: राज्याचा नियम, त्यावरून गोळी, गोळीवरून पीळ, पिळावरून बंदूक. तुम्ही सगळे उलटे चालता. आधी ब्लॅक फ्रायडेची डील, मग दुकानदार देईल ती गोळी, आणि नियम शेवटी, सीझनच्या आदल्या रात्री.

उदाहरणं देतो. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये सॅबो नाही, पेलेट (दारूच्या दाबून केलेल्या वड्या) नाही, स्कोप (दुर्बीण) नाही. २०९ ची इनलाइन चालते. म्हणजे डेन्व्हरवाल्याने १:२८ ची इनलाइन घ्यावी, पण त्यात सुटी दारू आणि पूर्ण मापाची कॉनिकल, वर साधी साइट. आयडाहोत आणखी कडक. तिथे २०९ प्रायमरच बाद. गारगोटी किंवा केप, तेही उघडं, बाहेरून दिसेल असं. गोळी शिशाची, सॅबो नाही, पेलेट नाही. तिथे २०९ वाली वुल्फ घेऊन गेलात तर ती फक्त महागडी काठी. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या माद्यांच्या सीझनला इनलाइन चालते, पण ख्रिसमसनंतरचा सीझन, १९७४ मध्ये सुरू झालेला, तो फक्त फ्लिंटलॉकचा. पिट्सबर्गहून एका ताईंनी विचारलं होतं, "एकाच बंदुकीत दोन्ही भागवता येईल का?" ताई, येईल. फ्लिंटलॉक घ्या, ती दोन्हीकडे चालते. इनलाइन घेतलीत तर डिसेंबरात घरी बसावं लागेल. नियम दर वर्षी थोडे हलतात, म्हणून यंदाची पुस्तिका उघडून वाचा. माझा व्हिडिओ म्हणजे पुस्तिका नव्हे.

मग घ्यायची कुठली? सॅबो चालणाऱ्या राज्यात नवीन हवी असेल तर सीव्हीए वुल्फ किंवा ट्रॅडिशन्स बकस्टॉकर. दोन्ही .५०, दोन्ही १:२८, साधारण अडीचशे-तीनशे डॉलरच्या आसपास. दोन्हींत मी वुल्फ उचलेन. तिचा ब्रीच प्लग (नळीचं मागचं बूच) हाताने निघतो, पाना लागत नाही. उघड्या ठिणगीच्या राज्यात ट्रॅडिशन्स डीअरहंटर, केपाची किंवा गारगोटीची, १:४८. लाकडी दस्ता, पितळी कलाकुसर यावर पहिल्या वर्षी पैसे घालू नका.

आता जुनी बंदूक. खरी बचत इथेच आहे आणि खरा घोळही इथेच. पॉन शॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानात) थॉम्पसन सेंटर हॉकन दिसेल, सुंदर बंदूक, पीळ १:४८. शेजारी लायमन ग्रेट प्लेन्स दिसेल. आता ऐका. ग्रेट प्लेन्स रायफल १:६० पिळाची येते आणि त्याच बंदुकीची हंटर आवृत्ती १:३२ ची. बाहेरून जुळ्या बहिणी. एक गोल गोळीची, दुसरी कॉनिकलची. काउंटरवरचा माणूस म्हणेल, "हॉकन स्टाइल, फिफ्टी कॅल, गुड गन." त्याला पीळ विचारा, तो खांदे उडवेल. म्हणून स्वतः मोजा.

[सफाईचा गज, खूण करायची टेप]

आधी बंदूक रिकामी आहे का बघा. गज नळीत सोडा, तोंडाशी बोटाने धरा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावा. टोक ब्रीचपर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकापर्यंत, पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच कमी पडलं तर आत भार आहे, बंदूक खाली ठेवा आणि दुकानदाराला सांगा. जुन्या बंदुका भरलेल्या सापडतात, हे खरंच होतं. रिकामी असेल तर फिरत्या मुठीचा सफाईचा गज घ्या, जॅगवर (गजाच्या टोकाचा कापड धरणारा तुकडा) ओलसर घट्ट कापड, आणि तळापर्यंत न्या. गजावर तोंडाशी एक टेप लावा आणि टेपवर वरच्या बाजूला एक रेघ. आता सावकाश ओढा. रेघ पाव वळसा फिरली की किती इंच बाहेर आला ते मोजा आणि चारने गुणा. सात इंच भरले तर १:२८. बारा भरले तर १:४८. साडेसोळा भरले तर १:६६. ओढतानाच मोजायचं, कारण ढकलताना नेहमीच्या उजव्या पिळात जॅग सैल होऊ शकतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानदार हसला तर हसू दे.

जुनीत आणखी तीन गोष्टी. ब्रीच प्लग निघतो का ते विकत घेण्याआधी बघा. गंजून अडकलेला असेल तर पन्नास डॉलरलाही नको. नळीतून कोरडं कापड फिरवा, ते एखाद्या जागी अडकलं किंवा अचानक सैल पडलं तर तिथे गंज किंवा फुगवटा आहे. आणि सीव्हीएची नव्वदच्या दशकातली इनलाइन असेल तर सीरियल नंबर वाचा. शेवटचे दोन आकडे ९५ किंवा ९६ असतील तर हात लावू नका. ती मॉडेल कंपनीने १९९७ मध्ये परत मागवली होती.

आता मला सगळ्यात जास्त येणारी कमेंट. "दादा, नवीन बंदूक, शंभर यार्डांवर गोळ्या ताटभर पसरतात, स्कोप कुठला घेऊ?" अहो, स्कोपने काय होणार? कागदावरचं भोक बघा. गोल आहे की लांबट? लांबट असेल तर गोळी आडवी होऊन लागतेय. पीळ आणि गोळी जुळत नाहीत, गोळी बदला. भोकं गोल आहेत, पण पसरलीयत? तर दारू जास्त होतेय किंवा नळी घाण आहे. पन्नासचे तीन पेलेट, दीडशे ग्रेन (दारू मोजायचं माप), हे २४ इंची हलक्या बंदुकीत नुसता खांदा सुजवतात. शंभर यार्डांच्या आतल्या हरणाला शंभर ग्रेन पुष्कळ झाले. सुटी दारू घ्या म्हणजे पाच-पाच ग्रेनने हलता येतं. ८० पासून सुरू करा, तीन गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर ओलसर कापड आणि मग कोरडं. दहाने वाढवा. भोकांचा घोळका जिथे सगळ्यात लहान होईल तिथे थांबा. ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) घेत असाल तर ती काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे, तेवढ्याच जोरासाठी मापाने पंधरा टक्के कमी लागते. गोल गोळीवाल्यांनी .४९० ची गोळी, ७० ते ९० ग्रेन दोन एफ काळी दारू (एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक), आणि अंतर ७५ यार्डांच्या आत ठेवा.

आणि माप म्हणजे घनफळाचं माप, वजन नाही! एकाने लिहिलं, "मी डिजिटल काट्यावर शंभर ग्रेन ब्लॅकहॉर्न २०९ अचूक तोलतो." अचूक तोलतो म्हणे! अरे बाबा, ब्लॅकहॉर्न ही पण काळ्या दारूऐवजी वापरायची दारू, तिचे मापाने शंभर म्हणजे वजनाने साधारण ७०. काट्यावरचे शंभर म्हणजे मापाने १४३ च्या आसपास, आणि तिची मर्यादा मापाने १२० आहे. दहा डॉलरचं पितळी माप घ्या. ब्लॅकहॉर्नला गरम २०९ प्रायमर लागतो, केपाच्या किंवा गारगोटीच्या बंदुकीत ती पेटायची नाही. फ्लिंटलॉकला खरी काळी दारू, पायरोडेक्स ही पर्यायी दारू तिथे दगा देते. बत्तीच्या ताटलीत चार एफची रंजक थोडी, कानाच्या, म्हणजे नळीत ठिणगी नेणाऱ्या बारीक भोकाच्या, खालीपर्यंत. कान बुजवलात तर आधी वात जळते, मग बार, आणि तोवर हरीण गेलेलं असतं.

स्मोकलेस पावडर, म्हणजे काडतुसं भरायची आधुनिक दारू, यात कधीही, चिमूटभरही नाही. नळी फुटते. बाटली सारखीच दिसते, म्हणून टेबलावर एका वेळी एकच बाटली. आणि डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही. मागच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटतो.

गजावर दोन खुणा करा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गोळी दुसऱ्या खुणेपर्यंत गेलीच पाहिजे. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळीला फुगवटा येतो किंवा ती फुटते. खूण वर राहिली तर बार उडवायचा नाही.

बजेटचं काय? चारशे डॉलरमधले तीनशे बंदुकीला, उरलेले शंभर सामानाला: माप, जॅग, कापडं, शॉर्ट स्टार्टर (गोळी तोंडात ढकलायचा आखूड दांडा), अडकलेली गोळी उपसायचा स्क्रू, ब्रीच प्लगचं ग्रीस, एक डबा दारू, एक पाकीट गोळ्या, प्रायमर. स्कोपला पैसे उरत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी तो चालतही नाही. स्वच्छता त्याच संध्याकाळी. काळी दारू, पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन असेल तर गरम साबणाचं पाणी, मग कोरडं, मग तेल. ब्लॅकहॉर्नला पाणी नको, नेहमीचं बोअर सॉल्व्हंट. ब्रीच प्लग काढायचाच आणि ग्रीस लावून हाताने बसवायचा. सीझनभर न काढलेला प्लग पुढच्या वर्षी शिकंजात धरूनही निघत नाही, आणि मग तुमची बंदूक पॉन शॉपमध्ये, पन्नास डॉलरला.

कमेंट करताना तीन गोष्टी लिहा: राज्य, पीळ, गोळी. नुसतं "कोणती चांगली?" लिहिलंत तर उत्तर देणार नाही. पुढचा व्हिडिओ फ्लिंटलॉकची गारगोटी बसवण्यावर, कारण त्याच ताईंची गारगोटी दर तिसऱ्या बाराला निसटते.