पहिल्या सुईच्या आधी

बीड जिल्ह्यातल्या एका गावातलं हे किराणा दुकान. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्या, दही, थंड बाटल्या आणि सगळ्यांच्या मागे ढकललेला एक स्टीलचा डबा. डब्यात इंजेक्शनची पेनं आहेत. दुकानदाराला सांगितलंय, सासूच्या शुगरचं औषध आहे.

डबा जिचा आहे तिचा चेहरा आम्ही दाखवणार नाही. हात बघा. बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, दहापर्यंत मोजलं, सुई काढली. रोज संध्याकाळी सातला, दहा-बारा दिवस. तिला कुठलाच आजार नाही. मूल न होणाऱ्या, न पाहिलेल्या एका बाईसाठी ती आपली स्त्रीबीजं देतेय.

दर महिन्याला अंडाशयात बरेच बीजकोष, म्हणजे बीजाच्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात. त्यातला सहसा एकच पुढे जातो, बाकीचे जिरून जातात. हे औषध त्या जिरणाऱ्यांनाही वाढवतं. “समदी अंडी काढून घेतली तर मग?” असं बायका एकमेकींना हळूच विचारतात. तसं होत नाही. पण हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. खोक्यावर छापलंय ते तेवढं तिने पाठ केलं: 2 ते 8 अंश.

आणि गावात लाईट जाते. “सुईचं भ्या न्हाई वाटत,” ती म्हणते, “लाईट गेली की जीव वर-खाली होतो.” मग बर्फाचा थर्मास. हाच थर्मास मांडीवर घेऊन ती एसटीने छत्रपती संभाजीनगरला सोनोग्राफीला जाते, एका आठवड्यात तीनदा. सोनोग्राफी आतून करतात, हे तिला टेबलावर झोपल्यावर कळलं. पडद्यावरची ही काळी वर्तुळं म्हणजे बीजकोष. ते 18 मिलिमीटरच्या आसपास पोचले की शेवटचं इंजेक्शन, तेही घड्याळ लावून. बीजं काढायच्या 34 ते 36 तास आधी. मोबाईलचा गजर रात्री साडेअकराला वाजला, तेव्हा घर झोपलेलं होतं.

पुढचं ऑपरेशन थिएटरमधलं आम्ही चित्रित केलेलं नाही. भूल देतात, योनीमार्गातून सुई घालून बीजं ओढून घेतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. कधी त्यानंतर अंडाशयं फुगतात, पोटात पाणी साठतं, दम लागतो. क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात किंवा अंडाशयाला पीळ पडतो. तिचं पोट चार दिवस फुगलं, मग उतरलं.

ही तिची धाकटी जाऊ. आता तिलाही विचारणा झालीय. एजंट बाई उसाच्या फडापर्यंत आली होती. कोयता, मोळी, मुकादमाची उचल, एक दिवस चुकला की खाडा. अशा घरात पैशाचा आकडा आधी ऐकू येतो, बाकीचं मागाहून. याच जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी काढताना बाईला नीट कुणी सांगितलं नाही. बीजं काढतानाही तसंच होऊ नये, यासाठी आम्ही हा कॅमेरा घेऊन इथे आलोय.

2021 च्या सहाय्यक प्रजनन (एआरटी) कायद्याने काही गोष्टी बांधून दिल्यात. देणारीचं वय 23 ते 35. आयुष्यात एकदाच. सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. नोंदणी झालेल्या बीज-बँकेमार्फतच. तिच्या नावावर बारा महिन्यांचा आरोग्य विमा, आणि तो घ्यायचा बीज घेणाऱ्या जोडप्याने. विक्रीला बंदी आहे, मग एजंटने सांगितलेला आकडा नेमका कशाचा, ते आधी विचारायचं. “दोन महिन्यांनी परत ये” असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठायचं. 2022 मध्ये तमिळनाडूत ईरोडला सोळा वर्षांच्या मुलीची बीजं पुन्हा पुन्हा विकली गेल्याचं उघड झालं, खोट्या आधार कार्डावर.

जन्मणाऱ्या बाळावर देणारीचा कसलाही हक्क राहत नाही. आपल्या लेकरांचं एक भावंड कुठेतरी वाढतंय, ही गोष्ट मात्र तिच्यापाशी राहते. जाऊ यावर बराच वेळ काही बोलत नाही.

संमतीचा कागद इंग्रजीत आहे. थोरलीने सही केली तेव्हा कुठे करायची ते एजंटच्या बोटाने दाखवलं. धाकटीने तो घरी मागून आणलाय. ओसरीवर आशाताई एकेक ओळ मराठीत सांगतेय, दहावीतली पोरगी वहीत लिहून घेतेय. विमा कागदावर दाखवा. त्रास झाला तर रात्री फोन कुणाला? मोळी किती दिवस उचलायची नाही? नवऱ्याजवळ किती दिवस जायचं नाही? कारण या औषधांवर असताना स्वतःलाच दिवस जाऊ शकतात.

धाकटी मध्येच पोरीचा हात धरते. “हे पन लिव्ह. सातच काढायची, तर औषध कितीचं देनार?”

पोरगी पेन्सिलीला टोक करते आणि लिहायला घेते.