मुरगळलेला घोटा: सूज उतरल्यानंतरचं काम

सगळ्यांनी जरा चपला काढा आणि एका पायावर उभे राहा. शेजारच्या खुर्चीजवळ राहा, तोल गेला तर धरता येईल. आता डोळे मिटा. आपल्या पावलाकडे लक्ष द्या: बोटं जमीन घट्ट धरतायत, घोट्याभोवतीचे स्नायू थरथरतायत. ज्यांना दुसरा पाय लगेच टेकवावा लागला, त्यांनी आठवून पाहा, ज्यावर उभे होतात तो पाय कधी मुरगळला होता का?

पाय मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, ताणलं जातं, कधी फाटतंही. हाड मोडलंय का, हे आधी पाहायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी सोपे नियम दिले: चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. ते निभावलं की आपल्याकडे आंबेहळदीचा लेप लागतो, क्रेप बँडेज बांधतात, आणि सूज उतरली की माणूस म्हणतो, झालो बरा. माझं भांडण या 'झालो बरा'शी आहे. जखमेत नवे तंतू आधी कसेही, आडवेतिडवे भरतात. बेताबेताने भार दिला तरच ते ओढीच्या दिशेने लागतात, आणि हे काम महिनोन्‌महिने चालतं.

माझ्याकडे एक मुलगी आली, राजगड उतरताना पाय मुरगळलेली. रोज सकाळी ती पाऊल हाताने धरून आत वळवायची, 'मोकळं वाटतं' म्हणून. म्हणजे जे लिगामेंट आधीच सैल झालं होतं, त्यालाच रोज ओढ! तिची आखडली होती ती पोटरी. उकिडवं बसायला सांगितलं तर त्या पायाची टाच वर राहायची. ताण द्यायचा तो पोटरीला: भिंतीला हात टेकून, मागच्या पायाची टाच जमिनीवर ठेवून तीस सेकंद, आधी गुडघा सरळ, मग किंचित वाकवून. वाकवल्यावर आतला खोल स्नायू ताणला जातो. तो पुष्कळ जण विसरतात.

ताकद हवी ती नडगीच्या बाहेरच्या स्नायूंना, पाऊल आत वळू लागलं की तेच सावरतात. पावलाला रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेर ढकला आणि परत आणताना सावकाश आणा. पट्टा फटकन सोडून देऊ नका, उतरताना पाय नेमका तिथेच कमी पडतो.

आणि तोल. लंडनमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच दाखवलं, की मुरगळलेल्या पायाला पाऊल कसं पडतंय याची जाणीव कमी राहते, आणि डगमगत्या फळीवर सराव केला की ती सुधारते. घरी दात घासताना एका पायावर उभं राहिलात तरी सुरुवात होते.

गड कधी चढू, हा त्या मुलीचा पहिलाच प्रश्न होता. मी तिला एका पायावर टाच उचलायला लावली. चांगला पाय पंचवीस वेळा, दुखरा अकराव्याला थांबला. आठ आठवड्यांनी दुखरा तेवीसला पोचला. उद्या सकाळी आम्ही दोघी पर्वती चढणार आहोत. चढाची मला काळजी नाही, पायऱ्या उतरताना तिचं पाऊल कसं पडतं ते मला पाहायचंय.