हिशेबाच्या वहीत नसलेली नावं

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय समाजसुधारक आणि त्यांचा वारसा, आणि खरं सांगते, मोठ्या माणसांबद्दल बोलणारी मी कोणी अभ्यासक नाही. मी अकरा वर्षं एका मुलींच्या वसतिगृहाची खजिनदार होते, म्हणजे हिशेबाची वही माझ्याकडे असायची. त्यामुळे मी या सगळ्या थोर लोकांकडे बघते ते वहीच्या बाजूने, की पैसे आले कुठून, गेले कुठे आणि महिनाअखेरीला चूल कशी पेटली.

एक प्रसंग आधी सांगते, मग पुढे जाते. एका वर्षी आमचं अनुदान चार महिने रखडलं. मी रोज फोन करायचे, रोज उद्याचं उत्तर मिळायचं. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की किराणा तर येतोय पण बिल येत नाहीये. चौकशी केली तर कळलं की आमच्या स्वयंपाकाच्या मावशी, ज्यांचा स्वतःचा पगार थकलेला, त्या दुकानातून स्वतःच्या नावावर उधारीने तांदूळ आणि डाळ आणत होत्या. मला सांगितलं नाही, कारण 'तुम्ही काळजी कराल'. मी त्या रात्री वहीत लिहिलं, 'मावशींचे देणे', आणि पुढे रक्कम, आणि पेन खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. अनुदान आल्यावर पैसे फेडले ते ठीक, पण वार्षिक अहवालात याची एक ओळसुद्धा नाही. तिथे देणगीदारांची यादी आहे, मावशी नाहीत.

तेव्हापासून मी जुन्या संस्थांबद्दल वाचायला लागले ते हाच प्रश्न घेऊन, की त्यांच्याकडे कोण होतं त्या मावशींच्या जागी.

महर्षी कर्वे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केलं, त्यांच्या गावी मुरुडला वाळीत टाकलं लोकांनी, १८९६ ला विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि कॉलेज सुटलं की पायी हिंगण्याला जायचं, पावसाळ्यात चिखल तुडवत, हे वर्षानुवर्षं. एकशे चार वर्षं जगले, १९५८ ला भारतरत्न मिळालं. हे सगळं शाळेत शिकवतात आणि शिकवायलाच हवं, त्यात काही वाद नाही.

पण ज्या विधवेशी लग्न केलं ती कोण? देवरुखच्या जोशांची गोदूबाई, लहानपणीच वैधव्य आलेलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन काढलं तिथली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली आणि पुढे सगळे तिला 'बाया' म्हणायचे. या 'बाया' कर्व्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहून ठेवलंय, 'माझे पुराण' म्हणून, आणि माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे की ते वाचा. कारण त्यात आश्रमाची दुसरी बाजू आहे. नवरा विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून मोकळा झाला, घरात मुलं, येणारं जाणारं माणूस, आणि ही बाई संसाराचा गाडा ओढतेय. नागपूरला जाऊन सुइणीचं शिक्षण घेतलं तिने. म्हणजे बघा, ज्या माणसाचं सगळं आयुष्य स्त्रीशिक्षणात गेलं त्याच्या घरात बायकोचं शिक्षण पोटापाण्याला उपयोगी पडावं लागलं. तिला राग येत नव्हता का? यायचा. आणि ते तिने लपवलं नाही. मला ती फार मोठी वाटते ती यामुळेच, की तिने रागही सांगितला आणि कामही सोडलं नाही.

आता तिची बहीण. पार्वतीबाई आठवले. या बाईवर खरं तर एक अख्खं व्याख्यान व्हायला पाहिजे. तरुणपणी नवरा गेला, पदरात एक मुलगा, त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालेलं. बहिणीकडे पुण्याला आली आणि शिकायला बसली. ज्या वयात बायका मुलांच्या मुंजींचा विचार करायच्या त्या वयात ही धडे गिरवतेय. पुढे हिंगण्याच्या आश्रमात काम करायला लागली आणि तिच्या वाट्याला आलं ते सगळ्यात अवघड काम, वर्गणी गोळा करणं.

ज्यांनी वर्गणी मागितली असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. दारात उभं राहायचं. आतून विचारतात कोण आहे, आपण संस्थेचं नाव सांगायचं, मग एक शांतता येते, ती शांतता फार जड असते हो. मी साडी नेसून, पावतीपुस्तक घेऊन, संस्थेचं ओळखपत्र गळ्यात घालून जायचे तरी मला ती सोसवत नसे. आणि ही सोवळी बाई, जिचं तोंड सकाळी बघणं लोक अपशकुन मानायचे, ती गावोगाव फिरून लोकांसमोर उभी राहते आणि विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागते. समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात तशीच एक लाल आलवणातली बाई मागच्या खोलीत असेल! पार्वतीबाईंना ते माहीत असणार आणि ऐकणाऱ्यांनाही.

१९१२ च्या सुमाराला त्यांनी केशवपन बंद केलं, केस वाढवले. आज आपल्याला ही गोष्ट छोटी वाटेल. पण जिला रोज लोकांकडे मागायला जायचंय तिने लोकांना न आवडणारं काहीतरी स्वतःच्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, करून दाखवायचं, याला किती धीर लागला असेल. वर्गणी बुडेल ही भीती मला माहितीये, मी त्या भीतीने कितीदा गप्प बसलेय.

आणि मग १९१८ मध्ये, पन्नाशीच्या जवळ आलेली ही बाई अमेरिकेला गेली. इंग्रजी धड येत नव्हतं, तेच शिकायला आणि आश्रमासाठी पैसा उभा करायला गेली. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं तिने, भांडी, स्वयंपाक, साफसफाई. दोन वर्षं राहिली आणि परत आली. 'माझी कहाणी' मध्ये हे सगळं तिने लिहून ठेवलंय.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. त्या काळातले पंधरा लाख. त्यांनी आईचं नाव दिलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, तेच आपलं एसएनडीटी. मला याचा मनापासून आनंद आहे की एका आईचं नाव विद्यापीठाला लागलं आणि लाखो मुलींच्या डिग्रीवर छापलं गेलं, ठाकरसींनी हे फार मोठं काम केलंय. एवढंच म्हणते की पंधरा लाखांना नाव मिळालं, तसं एक एक रुपया करून जे पार्वतीबाईंनी आणलं त्याला नाव कुठे मिळालं? आणि पंधरा लाख देणारा माणूस संस्थेकडे बघतो तरी कधी? ती आधी वीस एक वर्षं एक एक रुपयावर तगलेली असते तेव्हा.

आता सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहणार, एका पंगतीत जेवणार. १९२७ मध्ये गांधीजी स्वतः येऊन गेले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. भाऊराव म्हणजे वादळ होते, आज इथे उद्या तिथे, गावोगाव फिरून पोरं गोळा करायची, धान्य गोळा करायचं, दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी. पण घरी कोण? लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाई जैन घरातल्या, सोवळंओवळं पाळण्यात वाढलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात हळूहळू सगळ्या जातीची पोरं आली. हे एका दिवसात होत नाही बरं का, मनातून काहीतरी उपटून काढावं लागतं. दागिने तर एक एक करून गेलेच. आणि एकदा भाऊराव बाहेरगावी आणि घरात धान्य संपलेलं, पोरं उपाशी बसलेली, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि धान्य आणवलं.

ही गोष्ट आपण भाषणात एका वाक्यात सांगतो आणि टाळ्या घेतो. मी जरा थांबून बघते. नवरा घरात नाही, त्याला विचारायची सोय नाही, आणि त्या काळात मोकळ्या गळ्याने चारचौघांत वावरायचं म्हणजे लोक काय अर्थ काढतील हे तिला माहीत नव्हतं का? ओट्यावर रिकामं भांडं आहे, बाहेर पोरांचा आवाज आहे. तिने ठरवलं. पुढे १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. रयतचा वटवृक्ष केवढा झाला ते त्यांनी बघितलंच नाही, साताऱ्याचं कॉलेज १९४७ चं आहे.

काही जण म्हणतील, ताई तुम्ही मोठ्या माणसांचं श्रेय कमी करताय. मुळीच नाही. कर्वे पायी चालले नसते आणि भाऊराव वणवण फिरले नसते तर काहीच झालं नसतं. पण मी खजिनदार आहे हो, माझी सवय अशी आहे की जमेची बाजू पूर्ण लिहिल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. आणि आपण शंभर वर्षं अर्धीच जमा लिहितोय.

म्हणून आज येताना मी एक कोरी वही आणलीये. तुमच्यापैकी कोणाची आजी, आत्या, शेजारची काकू कुठल्या वसतिगृहात, आश्रमात, शाळेत राबली असेल, डबे केले असतील, बांगडी गहाण ठेवली असेल, तर तिचं नाव, गाव आणि तिने काय केलं एवढं लिहा. दोन ओळी पुरे. पहिल्या पानावर मी आमच्या मावशींचं लिहिलंय, त्यांना विचारून. वही मागच्या टेबलावर चहाच्या शेजारी आहे आणि पेन दोरीने बांधून ठेवलंय.