शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या आवडीचे संगीत

श्रोतेहो, नमस्कार. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ म्हणून मी रुग्णाला भेटते, तेव्हा दमा, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या, हलणारे दात अशी सगळी विचारपूस झाल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारते: आपल्याला काय ऐकायला आवडते? पुष्कळांना हा प्रश्न केवळ गप्पांचा वाटतो, परंतु मला तो उपचाराचाच भाग वाटतो.

भीतीने शरीरात अॅड्रेनलिन वाढते, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, आणि घाबरलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतरची वेदनाही अधिक जाणवते. अशा वेळी ओळखीचे सूर मनाला धरून ठेवतात. पेन्सिल्व्हेनियातील सर्जन इव्हान ओनील केन यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये फोनोग्राफ, म्हणजे त्या काळचे ध्वनिमुद्रण ऐकवणारे यंत्र, वाजवण्याचा पुरस्कार १९१४ सालीच केला होता. पुढे २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश संशोधकांनी सत्तरहून अधिक चाचण्यांचा आणि सुमारे ७,००० रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संगीत ऐकलेल्या रुग्णांची चिंता आणि वेदना कमी झाली, त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली. रुग्णालयातील मुक्काम मात्र त्यामुळे कमी झाला नाही. विशेष म्हणजे, पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांनाही संगीताचा काही लाभ झाला.

आता मी आपल्याला गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांची हकिगत सांगते. ते हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. सारे गाव त्यांना भाई म्हणत असे, म्हणून आम्हीही भाईच म्हणू लागलो. आदल्या दिवशी आवडीविषयी विचारले, तर संकोचाने एवढेच म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते लावा." दुसऱ्या दिवशी थिएटरबाहेर स्ट्रेचरवर त्यांचा रक्तदाब १७० वर गेला होता. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे संथ लयीचे, शब्दांविना असलेले बासरीवादन मी त्यांच्या कानाशी लावले. थोड्या वेळाने पाहते, तर कपाळावर आठ्या, मुठी वळलेल्या, आणि रक्तदाब पूर्वीपेक्षाही जास्त. मी हळूच विचारले, "भाई, बरे वाटत नाही का?" ते म्हणाले, "डॉक्टरबाई, ती बासरी बंद करा. साथीचा तबलेवाला लय सोडतो आहे, माझ्याने ऐकवत नाही."

तेव्हा कुठे कळले की भाई आयुष्यभर आरतीला घुमट, म्हणजे मडक्याला कातडे मढवलेले गोव्याचे तालवाद्य, वाजवत आले होते. बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये त्यांच्याच घरच्या चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, आरती होती: घुमट, शामेळ हा ढोल, कासाळे म्हणजे झांजा, आणि वाड्यावरचे सारे गडी एका सुरात. संथ म्हणावे असे त्यात काहीच नव्हते. आमच्या सिस्टरांनी माझ्याकडे शंकेने पाहिले, आणि त्यांची शंका रास्त होती. तरीही मी आवाज अगदी लहान ठेवून ती आरती एकाच कानाला लावली, कारण दुसरा कान आमच्या बोलण्यासाठी मोकळा हवा. भाईंच्या मुठी सुटल्या, श्वास संथ झाला, आणि रक्तदाब १४० च्या घरात आला. कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी मणक्यात जे इंजेक्शन देतात, त्याने रक्तदाब खाली येतोच, म्हणून मुद्दाम सांगते की हा फरक इंजेक्शन देण्यापूर्वीचा आहे. झोपेचे औषध त्यांना लागलेच नाही.

शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मॉनिटरवरील ऑक्सिजनची रेषा वेडीवाकडी होऊ लागली. मी पाहिले, तर ज्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावली होती, त्याच बोटाने भाई ठेका धरत होते! दुसऱ्या हाताला रक्तदाबाचा पट्टा होता, आणि तो फुगला की त्या हाताची नोंद तुटते. शेवटी मी चिमटी पायाच्या अंगठ्याला लावली. कमरेखालचा भाग बधिर असल्याने पाय हलत नव्हता आणि रेषा पुन्हा नीट उमटू लागली. शस्त्रक्रिया संपेपर्यंत भाईंची बोटे वाजत राहिली.

म्हणून पुन्हा सांगते: संगीत रुग्णाच्या आवडीचे हवे. डॉक्टरांच्या नव्हे, नातेवाइकांच्याही नव्हे, रुग्णाच्या आवडीचे. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंजेक्शनाने हात किंवा पाय बधिर करण्यापूर्वी काही रुग्णांना मिडाझोलाम हे चिंता कमी करणारे औषध दिले, तर काहींना संगीत ऐकवले. दोहोंनी चिंता जवळपास सारखीच उतरली, परंतु समाधान औषध घेतलेल्यांना अधिक वाटले. तेथील संगीत संशोधकांनीच निवडले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टेबलावरच्या माणसाला न विचारता थिएटरमध्ये सर्जनच्या आवडीची गाणी मोठ्याने लावण्याची पद्धतही मला मान्य नाही.

आपल्या घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्यांच्या आवडीचे तासभराचे संगीत आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कारण थिएटरमध्ये नेटवर्क मिळेलच असे नाही. भूलतज्ज्ञांची परवानगी आदल्या दिवशीच घ्या आणि मोबाईल व इअरफोन वॉर्डमधील सिस्टरांकडे नाव लिहून द्या. रुग्ण कानाचे यंत्र वापरत असेल, तर तेही त्याच वेळी सांगा. संगीत लावले तरी वेदनाशामक औषध वेळेवर घ्यायचेच आहे. दुखत असेल, तर गाणे संपण्याची वाट न पाहता सिस्टरांना लगेच हाक मारा.