शिजवण्याआधीची मूठ

(दृश्य: ऐझॉल. पहाटेचं धुकं, डोंगरउतारावरची घरं. एका स्वयंपाकघरातला दिवा.)

मिझोरममध्ये भाताशिवाय जेवण नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पातेलं चुलीवर चढतं. त्यासाठी तांदूळ मोजून झाला, की धुण्याआधी घरची बाई त्यातली एक मूठ उचलते आणि शेजारच्या डब्यात टाकते. मिझो भाषेत याला म्हणतात ‘बुहफाइ थाम’. बुहफाइ म्हणजे तांदूळ, थाम म्हणजे मूठ. इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती चर्चमधल्या, बायकांनी १९१० साली मंडळीच्या कामाला दान म्हणून ही रीत सुरू केली.

(दृश्य: हात जवळून. मूठ डब्यावर उघडते.)

हात नीट पाहा. मूठ कोरड्या तांदळातून निघते. घरातली माणसं अजून जेवायची आहेत, कोणाला किती लागेल ते ठरायचं आहे. पण देवाचा वाटा निघून गेला. सगळ्यांची पोटं भरल्यावर पातेल्याच्या तळाशी काय राहतं, याची तो वाट पाहत नाही. या रीतीचं सगळं मर्म या क्रमात आहे.

बंद मुठीत साधारण चाळीस ग्रॅम तांदूळ मावतो. दोन वेळचे ऐंशी ग्रॅम. आठवड्याला अर्ध्या किलोच्या जरा वर, वर्षाला एकोणतीस किलोच्या आसपास. शंभर घरांची वस्ती असेल, तर वर्षाकाठी जवळजवळ तीन हजार किलो. एका घराला मात्र त्या दिवशीचा भात कमी पडल्याचं जाणवतसुद्धा नाही.

पैसा का नाही मागितला? कारण त्या काळी बायकांच्या हातात पैसा नव्हता. तांदूळ होता. घरात जे त्यांच्या हातून जायचं, त्यातूनच त्यांनी दिलं. येशूने यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसून पाहिलेली विधवा आठवा. दोन टोल्या टाकणारी. श्रीमंतांनी भरपूर टाकलं होतं, पण ते त्यांच्याकडे जास्तीचं होतं. तिने टाकलं ते तिच्या पोटाचं होतं, आणि येशूने मोठं म्हटलं ते तिचं दान.

(दृश्य: झाकणाचा डबा. बोटांनी तांदूळ चाळणारी बाई.)

डबा कोरडा लागतो, झाकण घट्ट. ओल्या हाताने मूठ टाकली की दाणे चिकटतात, गोळे होतात आणि दोनचार दिवसांत कुबट वास येतो. पावसाळा इथे मे ते सप्टेंबर, हवा दमट, त्यामुळे डबा चुलीजवळच्या कोरड्या जागी बरा. खरा शत्रू सोंडे. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा धड दिसतो, आत अळी खात असते. उबदार हवेत महिन्याभरात नवा किडा बाहेर येतो. म्हणून डबा फार दिवस भरत ठेवून चालत नाही. मंडळीच्या बायका घरोघरी फिरून तांदूळ गोळा करतात, एकत्र करतात, मोजतात.

एकत्र करतानाही जपावं लागतं. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नवा लवकर चिकट होतो. दोन्ही मिसळले, तर एक कच्चा राहतो, दुसरा गिच्च होतो आणि भाव पडतो. जाड आणि बारीक दाण्याचंही तेच. वेगवेगळ्या पोत्यांत भरला, तर विकायला सोपं जातं.

(दृश्य: बांबूचं बन. मग धान्याची कोठी.)

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की पृथ्वीवर ठेव साठवू नका, इथे कसर आणि जंग नाश करतात, चोर घर फोडतात. मराठी बायबलात ‘जंग’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘ब्रोसिस’, त्याचा साधा अर्थ खाणं. काही अभ्यासकांना त्यात धान्य खाणारी कीड दिसते. दाण्याच्या आतली ती अळी पाहिली की हा अर्थ मनाला पटतो.

मिझोरमला कोठीचा भरवसा किती, हे या बांबूने शिकवलं आहे. ‘मौताक’ जातीचा बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात. फळं संपली की शेतातल्या भातावर आणि कोठारांवर तुटून पडतात. मिझो लोक या दुष्काळाला ‘मौताम’ म्हणतात. १९११–१२, १९५८–५९ आणि पुन्हा २००६ च्या पुढची वर्षं. यातला पहिला मौताम आला, तेव्हा मुठीची रीत जेमतेम वर्षाची होती. ती टिकली. लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी पीक ठेवायला जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री जगातून जातो. उंदरांनी पोखरलेली कोठी ज्यांनी पाहिली, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडेही मूठ निघालेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी गावोगावच्या घरांतून धान्य मुठीमुठीने जमलं, वसतिगृहातली पोरं त्यावर जेवली. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. उद्देश वेगळा होता, पण धान्य काढून देणारा हात तसाच, घरच्या बाईचा.

(दृश्य: तराजू, पोती, वहीत वजन लिहिणारा हात.)

तांदूळ विकला जातो. आलेल्या पैशातून मंडळीचं काम आणि दूरच्या प्रचारकांचा खर्च निघतो.

(दृश्य: पुन्हा तेच स्वयंपाकघर. डब्याचं झाकण लागतं. उरलेला तांदूळ धुवायला पाण्यात.)