आधी जायचं, मन मागून येतं

[दृश्य: सांगली, सकाळ. आयर्विन पुलावरून शाळेकडे निघालेल्या सायकली.]

शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, आजीनं दृष्टही काढली. पोटात काहीच सापडलं नाही.

मुलांमधलं नैराश्य कितीदा तरी असंच येतं, पोटदुखी होऊन नाहीतर चिडचिड होऊन. मूल रडवेलं दिसेलच असं नाही. 'हल्ली फार उलटून बोलतो' हीच घरच्यांची तक्रार. पण दोन आठवडे उलटले, खेळ सुटला, मित्र सुटले, झोप बिघडली, तर तो वयाचा हट्ट नव्हे.

[दृश्य: वहीचं पान, जवळून.]

हे पान नमुन्याचं. खऱ्या मुलाची वही आम्ही दाखवणार नाही. डावीकडे काय केलं, उजवीकडे मन कसं होतं, शून्य ते दहा. दुपारी अंथरुणात मोबाइल: दोन. संध्याकाळी चुलतभावाबरोबर भडंग आणायला: पाच. 'मूड आला की जाईन' म्हणत बसलं तर नैराश्यात तो मूड येतच नाही. म्हणून आधी जायचं, दहा मिनिटं का होईना.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारा बोलण्याचा उपचार, त्यातला हा एक भाग. पुढे विचारांची पाळी. 'मी ढ आहे.' कशावरून? गणितात सहा मार्क. आणि बाकीचे विषय? समुपदेशक 'नाही रे, हुशार आहेस तू' म्हणत नाहीत. ते तर घरचे रोजच म्हणतात.

मैत्री तुटली, घरात कुणी गेलं, आईवडिलांचं पटेना, अशा वेळी किशोरवयीन मुलांसाठी आयपीटी ही नात्यांवर काम करणारी, बोलण्याचीच उपचारपद्धती असते. लहान मुलांच्या उपचारात आईवडिलांनाही सोबत बसावं लागतं.

[दृश्य: दवाखान्याबाहेरचा बाक.]

नुसत्या बोलण्यानं सगळ्यांना गुण येतो का? नाही. अमेरिकेत 439 किशोरवयीन मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. मध्यम ते तीव्र नैराश्य होतं. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलं सुधारली, नुसत्या सीबीटीनं 43 टक्के. गोळीला उगाच घाबरू नये. ती द्यायची का, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

सिव्हिलमध्ये चौकशी करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर त्याला एकटं न सोडता लगेच दवाखाना गाठा.

आणि बाहेर आल्यावर 'आत काय बोललास?' असं खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल, तर समुपदेशक स्वतःहून सांगतात.