एका तळहाताएवढी जागा

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात वळवाची एक सर येऊन गेली. ती जेमतेम दहा मिनिटे टिकली. त्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण कामावरून स्कूटरने घरी येत असताना आमच्या घराजवळच्या वळणावर घसरून पडली आणि तिच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले. तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच असावा. मदतीला धावलेल्या माणसांनी ‘रस्त्यावर ऑइल आहे’ असे सांगितले आणि ते खरेही होते. परंतु दुसऱ्या दिवशी मी स्कूटर डबल स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले, तेव्हा टायरच्या मधल्या पट्ट्यावर नक्षी नावालाही उरलेली नव्हती. मार्चमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने तो टायर बदलायला सांगितले होते, आणि ‘पावसाळा तोंडावर आला की बघू’ असे उत्तर मीच दिले होते. आज मी आपल्याशी टायरविषयी बोलायचे ठरवले, त्याचे कारण हे आहे.

सुरुवातीला एक छोटे गणित करू. स्कूटर आणि चालक यांचे वजन मिळून सुमारे १७० किलो धरले, तर त्यातील जवळपास ७० किलो पुढच्या चाकावर आणि १०० किलो मागच्या चाकावर येते. पुढच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला दीड किलो आणि मागच्यात दोन किलो दाबाची हवा असेल, तर त्या वजनाला दाबाने भागले असता टायर रस्त्याला किती जागेवर टेकतो, याचा अंदाज मिळतो. पुढे सुमारे ४५ आणि मागे सुमारे ५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही चाकांचे मिळून आपल्या एका तळहाताएवढी जागा होते. आपण वळतो, थांबतो, पुढे सरकतो, ते सारे या एवढ्याशा रबराच्या भरवशावर.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. ते डांबरातील खडीच्या बारीक उंचसखलपणात दबून शिरते आणि शिवाय पृष्ठभागाला काही अंशी चिकटते. मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा आला की चिकटणे जवळजवळ संपते आणि उरलेला सारा भार खडीला धरण्यावर येतो. टायरवरील खाचा, ज्यांना आपण नक्षी म्हणतो, त्यांचे काम हे पाणी वाट काढून बाजूला घालवण्याचे असते. म्हणूनच गुळगुळीत झालेला टायर मार्च-एप्रिलच्या कोरड्या रस्त्यावर कोणतीही तक्रार न करता चालतो. कोरड्या रस्त्यावर त्याचा दोष दिसतच नाही, आणि आपली फसगत नेमकी येथेच होते.

वळवाचा पाऊस मला मृगाच्या पावसापेक्षा अधिक धोक्याचा वाटतो. सहा-सात महिने रस्त्यावर धूळ, वाहनांतून गळलेले ऑइल, डिझेल आणि टायरांचे झिजलेले रबर साचत राहते. मोठा पाऊस पडला तर हा थर धुऊन गटारात जातो. परंतु दहा मिनिटांची सर तो फक्त भिजवते आणि साबणाच्या पाण्यासारखा पसरवून ठेवते. सर थांबताच आडोशाला उभे असलेले सगळेजण घरी पोहोचण्याच्या घाईने एकदम रस्त्यावर येतात, आणि रस्त्याची पकड तेव्हाच सर्वांत कमी असते. अशा वेळी आणखी अर्धा तास थांबणे किंवा चांगला पाऊस कोसळेपर्यंत अतिशय सावकाश जाणे, यात मला तरी काही कमीपणा दिसत नाही.

आता टायर पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात आणि त्यांची जागा दाखवणारी खूण टायरच्या कडेवर असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायरचे आयुष्य संपले. मात्र ०.८ ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, पावसाळा काढण्याची शिदोरी नव्हे. माझे मत विचाराल, तर जूनच्या तोंडावर नक्षी दोन मिलिमीटरच्या आत आली असेल, तर टायर बदलून टाकावा. नक्षी पाहताना कडेला पाहू नये, मध्यभागी पाहावे. शहरात आपण बहुतेक वेळ सरळ जात असल्याने मागचा टायर मध्येच झिजून सपाट होतो, आणि कडेची शाबूत नक्षी पाहून मालकाचा गैरसमज होतो.

नक्षी भरपूर असूनही टायर निकामी असू शकतो, कारण रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष; म्हणजे २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. महिन्याकाठी चार वेळा बाजारात जाऊन येणारी आजोबांची स्कूटर उन्हात उभी राहून म्हातारी होते, तिच्या टायरला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर तो लाकडासारखा सरकतो. नवीन टायर घेतानाही हे अंक वाचून घ्यावेत. नवा टायर बसवल्यानंतर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो वरून तुळतुळीत असतो, म्हणून तो पावसाच्या दिवशी न बसवता कोरड्या दिवसांत बसवून थोडा चालवून घेतलेला बरा.

हवेबद्दल एक समज फार रूढ आहे. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की टायर जास्त टेकतो आणि गाडी घसरत नाही, असे अनेक जण सांगतात. टेकण्याची जागा थोडी वाढते हे खरे आहे. पण दाब कमी झाला की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर ढकलण्याचे बळ घटते. वळणावर तो टायर बाजूला लचकतो, ते वेगळेच. कंपनीने सांगितलेला दाब बहुधा गाडीवरच्या एका पट्टीवर छापलेला असतो. तो पाळावा, मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरसाठी सांगितलेला वाढीव दाब भरावा, आणि हवा टायर थंड असताना तपासावी.

एवढे करूनही ओल्या रस्त्याची पकड कोरड्यापेक्षा कमीच राहते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, आणि समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे तेवढा वेळ जातोच. त्यापुढे टायरची सगळी पकड वापरली असे धरले, तरी कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला सुमारे ९ मीटर लागतात, ओल्यावर १६ आणि पहिल्या सरीच्या निसरड्या थरावर २० मीटरहून अधिक. म्हणून पुढच्या रिक्षापासून आपण एरवी ठेवतो ते अंतर दुपटीने वाढवावे.

शिवाय एका वेळी टायरकडून एकच काम करून घ्यावे. पकड ही मर्यादित पुंजी आहे. ती ब्रेक लावण्यात खर्च झाली की वळण्यासाठी उरत नाही. माझ्या बहिणीने वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला होता. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा, वळण ब्रेकविना पार करावे आणि गाडी पुन्हा सरळ झाल्यावर अॅक्सिलरेटर हळूहळू द्यावा. पुढचा ब्रेक पावसात लावूच नये हा सल्ला चुकीचा आहे. थांबताना वजन पुढे येते, त्यामुळे थांबण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते. फक्त ब्रेक झटक्याने न दाबता स्पंज पिळावा तसा हळूहळू दाबत न्यावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. तिची मदत होते, पण ती चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा नव्हे, हे लक्षात असावे.

रस्ता सगळीकडे सारखा नसतो. चेंबरची लोखंडी झाकणे, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, सावलीतल्या गल्लीत सिमेंटवर धरलेले शेवाळ, ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून डांबरावर आणलेला चिखल, कोकणात आणि गोव्यात रस्त्यावर वाहून आलेली तांबडी माती, यांवर गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता जावे. जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली चिरडलेल्या फळांचा जो राडा होतो, त्यावर पायी चालणारेही घसरतात, मग चाकाची काय कथा. रेल्वेचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. घाटातील वळणावर काठोकाठ भरलेल्या टाकीतून डिझेल सांडते. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुषी रंग दिसला की ते ओळखावे.

आणि साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर बाहेर आल्यावर मागे कोणी नाही ना हे पाहून, सावकाश चालत असतानाच दोन्ही ब्रेक काही क्षण हलके धरून ठेवावेत. ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेले पाणी त्या उष्णतेने सुकते आणि पुढच्या चौकात ब्रेक आपल्याला पुन्हा नेहमीसारखा लागतो.

नमस्कार.